ग्रामीण चर्चचा इतिहास : मिशनचे दप्तर आणि गावाचे दप्तर

मध्य भारतातील खेड्यांमधल्या चर्चविषयी लिखित साधने पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील मोठा भाग या खेड्यांपासून हजारो मैल दूर, चर्च उभारण्यासाठी पैसा पाठवणाऱ्या संस्थांच्या दप्तरखान्यांत साठलेला आहे. ज्यांनी त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, लग्ने लावली आणि शेजारच्या जमिनीत आपले आप्त पुरले, त्यांच्या बाजूचे लेखन मात्र तुटपुंजे असून तेही विखुरलेले आहे. अशा स्थितीत इतिहासकाराने कोणत्या कागदापासून सुरुवात करावी, हा प्रश्न वरवर पाहता पद्धतीचा असला तरी त्याच्या उत्तरावर इतिहासाचा नायक कोण ठरतो हे अवलंबून असते.

या प्रश्नाची चर्चा करण्यास बालाघाट जिल्ह्याच्या आग्नेय भागातील लांजी हे ठिकाण सोयीचे आहे. किल्ला, लांजकाईचे देऊळ आणि कोटेश्वर महादेव यांच्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या परिसरात मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी या बोली शेजारी नांदतात. पश्चिमेला गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख असून तिथल्या ख्रिस्ती कार्याचा संबंध नागपूरच्या स्कॉटिश मिशनशी पोहोचतो. उत्तरेला बैहरचे पठार असून तिथे गोंड आणि बैगा समाजांत मिशनचे काम झाले. पूर्वेला छत्तीसगड असून तिथे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील जर्मन वंशाच्या चर्चनी आपली ठाणी घातली. पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती दोन भूमिका मांडण्यासाठी योजलेल्या आहेत. नागपूरच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे प्राध्यापक मिशनच्या कागदपत्रांना अशा इतिहासाचा पाया मानतात, तर लांजीत राहणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गुरुजी म्हणतात, त्या कागदपत्रांकडे गावाच्या बाजूने पाहू इच्छितात.

नोंद आणि नोंद ठेवणारा

प्राध्यापक : गुरुजी, इतिहासाला तारीख लागते आणि तारखेला कागद लागतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे सुरू झाले आणि १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागले, हे आज खात्रीने सांगता येते, कारण बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने आपल्या मिशनऱ्यांकडून नियमाने पत्रे आणि अहवाल मागवले आणि ते जपून ठेवले. हार्वर्ड विद्यापीठाच्या हाऊटन ग्रंथालयात ती सामग्री अभ्यासकांना उपलब्ध आहे. आपल्या भागातही तेच दिसते. स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, त्यांनी गोंडांच्या कथा-गीतांची टिपणे केली, आणि १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाल्यावर रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. बैहरचे मिशनरी जे. लँपर्ड यांनी बैगा समाजावर लिहिलेली पुस्तिका रसेल आणि हिरालाल यांनी आपल्या १९१६ च्या जाती-जमातींवरील ग्रंथात मोठ्या प्रमाणावर वापरली. मिशनरी लिहिते नसते तर या मुलखातील कितीतरी माणसे इतिहासात उमटलीच नसती.

गुरुजी : सर, कागद लागतो हे खरे, पण तो कोणी आणि कशासाठी ठेवला हे आधी विचारावे लागते. याच लांजीचे उदाहरण घ्या. रतनपूरच्या कलचुरी राजघराण्यातील पहिल्या जाजल्लदेवाचा कलचुरी संवत ८६६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा शिलालेख आहे, आणि त्यात वैरागर, लांजिका, भाणार अशा मंडलांची, म्हणजे मांडलिक प्रदेशांची, नावे आली आहेत. अभ्यासक लांजिका म्हणजे लांजी असे मानतात. आता या लेखातून लांजीविषयी नेमके काय कळते? इथल्या अधिपतीकडून रतनपूरच्या राजाला दरवर्षी काही मिळत होते, एवढेच. इथे कोण राहत होते, कोणत्या देवाला भजत होते, तळी कोणी खोदली, याबद्दल लेख गप्प आहे, कारण लेख कोरवणाऱ्याला त्याची गरज नव्हती. मिशनच्या अहवालात खेड्यातला ख्रिस्ती माणूस असाच येतो. यंदा किती बाप्तिस्मे झाले, शाळेत किती मुले बसली, ही वर्गणीदारांना दाखवायची जमा असते, आणि त्या जमेत माणसाचे नाव क्वचितच असते.

प्राध्यापक : तुलना विचार करायला लावणारी आहे, पण ती थोडी ताणलेली वाटते. शिलालेख ही काही ओळींची प्रशस्ती असते. मिशनच्या पत्रव्यवहारात मात्र अपयश, भांडणे, पैशांची ओढाताण आणि मिशनऱ्यांमधले मतभेदही सापडतात. खासगी पत्र आणि छापील अहवाल यांत फरक करायला इतिहासकार शिकलेला असतो.

गुरुजी : तो फरक मान्य आहे. मात्र खासगी पत्र झाले तरी ते लिहिणारा मिशनरीच असतो. बैहर भागात मिशनचे काम चालू झाले त्याच काळात वनखाते बैगांची बेवर शेती, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत बी टाकण्याची फिरती शेती, बंद करत आणत होते. शेजारच्या मंडला जिल्ह्यात तर १८९० मध्ये ती ‘बैगा चक’ या नेमून दिलेल्या पट्ट्यापुरती ठेवली गेली. ज्या समाजाची उपजीविकाच सरकारी हुकुमाने बदलली, त्याने मिशनच्या दारात पाऊल का टाकले किंवा का टाकले नाही, याचे उत्तर चर्चच्या पत्रांइतकेच वनखात्याच्या दप्तरात शोधावे लागेल.

मध्य-पश्चिम अमेरिकेतील एक कौंटी

प्राध्यापक : मग ज्या देशातून हे मिशनरी आले तिथल्या ग्रामीण चर्चचा इतिहास कसा लिहिला गेला, हे पाहणे उपयोगी ठरेल. अमेरिकेत कौंटी हा राज्याखालचा प्रशासकीय घटक असतो, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा आकाराने बराच लहान. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडील जमीन सहा मैल लांब-रुंद चौरसांत मोजली गेली, त्या चौरसांत युरोपातून आणि पूर्वेकडील राज्यांतून आलेली शेतकरी कुटुंबे वसली, आणि प्रत्येक गटाने आपल्या पंथाचे चर्च आणि त्यालगत दफनभूमी केली. १८७० नंतर अशा कौंट्यांचे जाडजूड इतिहास वर्गणीदार जमवून छापले गेले. चर्चनी आपल्या पन्नाशी-शंभरीला स्मरणिका काढल्या. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट कौंटीत १८४० च्या दशकात मेनोनाइट कुटुंबे आली. मेनोनाइट हा प्रौढपणीच बाप्तिस्मा घेणारा आणि शस्त्र न उचलणारा प्रोटेस्टंट पंथ आहे. तिथल्या यलो क्रीक मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायात, रविवारची शाळा आणि उपासनेतील नव्या रीती यांवरून वाद होऊन १८७२ मध्ये जेकब विस्लर यांच्या अनुयायांचा गट वेगळा झाला. खेड्यातल्या एका मंडळीतले भांडण दीडशे वर्षांनंतरही तपशिलाने सांगता येते, याचे श्रेय तिथल्या नोंदींना द्यावे लागेल.

गुरुजी : सर, या उदाहरणाने माझ्याच बाजूला बळ येते. यलो क्रीकच्या लोकांनी जमीन स्वतःची केली, चर्च स्वतः बांधले, भांडण स्वतः केले आणि त्याची हकीकतही स्वतःच्या भाषेत लिहिली. तिथे मिशनचे दप्तर आणि गावाचे दप्तर एकच होते, म्हणून तो इतिहास इतका भरीव झाला. आपल्याकडे या दोन दप्तरांमध्ये समुद्र आहे.

प्राध्यापक : पण त्याच समुद्रावरून एक पूलही झाला. जॉन फंक यांचे ‘हेरल्ड ऑफ ट्रूथ’ हे मेनोनाइट मासिक १८६७ पासून एल्कहार्टहून निघत होते, आणि अशा नियतकालिकांमुळे दूरच्या दुष्काळाच्या बातम्या तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी पोहोचत. १८९७ मध्ये जॉर्ज लँबर्ट दुष्काळनिवारणाची मदत घेऊन हिंदुस्थानात आले. त्यांनी इथे पाहिलेल्या हलाखीचे पुस्तक लिहिले. आणि दोनच वर्षांत, १८९९ मध्ये, जेकब रेसलर आणि डॉक्टर विल्यम पेज यांनी छत्तीसगडातील धमतरीला मेनोनाइट मिशन सुरू केले. त्या वर्षीच मोठा दुष्काळ पडला, अनाथालये उभी राहिली, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम झाला. इंडियानातल्या एका कौंटीच्या चर्चचा इतिहास धमतरीच्या उल्लेखाशिवाय पुरा होत नाही आणि धमतरीचा त्या कौंटीशिवाय होत नाही.

गुरुजी : पूल खरा, पण त्यावरून कागद एकाच दिशेने गेले. धमतरीच्या मेनोनाइटांची अनेक कागदपत्रे एल्कहार्टच्या संग्रहात आहेत, तर छत्तीसगडातीलच विश्रामपूरच्या जर्मन मिशनची कागदपत्रे वाचायला अभ्यासकाला मिसूरी राज्यातील ईडन धर्मशिक्षण संस्थेपर्यंत जावे लागते. ज्या नातवाच्या आजोबांचे नाव त्या कागदांत आहे, तो तिथे कधी जाणार?

नगरची खेडी आणि मंडळीची घडण

प्राध्यापक : मिशनचे धोरण समजल्याशिवाय मंडळीची घडणही समजत नाही. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि प्रसारही आपणच करावा, ही त्रिसूत्री ते मांडत होते. त्यामुळे इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला, नगर जिल्ह्यातील खेड्यांमध्ये छोट्या मंडळ्या स्थापण्याला वेग आला आणि त्यांवर मराठी पाळक, म्हणजे उपासना चालवणारे धर्मसेवक, नेमले जाऊ लागले. वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांच्यासारखे मिशनरी शहराऐवजी खेड्यातच राहिले. हे सारे बोस्टनच्या धोरणातून आले, गावातून नव्हे.

गुरुजी : धोरण बोस्टनचे असेल, पण ते नगरच्या मातीत रुजले ते गावातल्या माणसांमुळे. तिथल्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या, आणि बाप्तिस्म्याची वार्ता गावोगाव पसरली ती सोयरिकीच्या वाटांनी. मंडळीत आल्यावरही दोन समाजांतील अंतर लगेच मिटले नाही; एकत्र बसण्याजेवण्यावरून तंटे झाले. कृष्णराव सांगळे यांनी वीणा-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेव्हा गावकऱ्यांना ते ऐकावेसे वाटले, कारण कीर्तन ऐकण्याची सवय त्यांना आधीपासून होती. १८९५ मध्ये कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे त्यांचे वास्तव्य राहुरीला होते, आणि उपासनेतील गीतांना अभंग-ओवीचे वळण मिळाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की पाण्याच्या घोटापासून शेजारधर्मापर्यंत धर्मांतराचा अर्थ घरात काय होतो, हे दिसते. एका बाईने आपल्या बोलीत सांगितलेली ती हकीकत कितीतरी अहवालांच्या पलीकडची आहे.

प्राध्यापक : लक्ष्मीबाई अपवाद होत्या, प्रत्येक खेड्याला लक्ष्मीबाई मिळत नाही.

गुरुजी : मान्य. म्हणूनच मंडळीची साधी वहीसुद्धा मोलाची ठरते. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव, वडिलांचे नाव, गाव, वय, आणि पुष्कळदा पूर्वीची जात अशा नोंदी असतात. एका मंडळीच्या पन्नास वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या तर कोणत्या कुळापासून सुरुवात झाली, मुली कोणत्या गावी दिल्या गेल्या, दुष्काळात संख्या वाढली की घटली, दुष्काळ सरल्यावर किती जण टिकले, हे समजते. दुष्काळात अन्नासाठी सारे ख्रिस्ती झाले असा एक सोपा आरोप आणि सारे केवळ श्रद्धेने आले असा दुसरा सोपा दावा, या दोहोंची परीक्षा त्या वहीतच होऊ शकते.

जमीन, मालगुजारी आणि चर्चचे आवार

प्राध्यापक : वहीचे मोल नाकारता येत नाही. तरीही इमारतीला आणि तिच्या बांधकामाच्या कागदांना कमी लेखू नये. १८६८ मध्ये ऑस्कर लोर छत्तीसगडात आले. त्यांना पाठवणारी जर्मन इव्हँजेलिकल मिशन संस्था १८६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली होती आणि पुढे तिचे काम मध्य-पश्चिम अमेरिकेतील जर्मन वसाहतकऱ्यांच्या चर्चसंघाकडे गेले. लोर यांनी विश्रामपूर वसवले. तिथले चर्च पाहिल्यावर युरोपातील खेड्याच्या चर्चची आठवण इथे कशी आणली गेली, स्थानिक गवंड्यांनी तिला कोणते रूप दिले, हे दिसते. इमारत हेही एक दप्तरच आहे.

गुरुजी : इमारतीकडे पाहताना तिच्या खालची जमीनही पाहावी. विश्रामपुरात मिशनरी हा केवळ पाळक नव्हता, तो गावाचा मालगुजारही होता. मध्य प्रांतात ज्याच्याकडे गावाची मालकी आणि सारा भरण्याची जबाबदारी असे त्याला मालगुजार म्हणत. धमतरीजवळचे बालोदगहन मेनोनाइटांनी १९०६ मध्ये असेच मालगुजारीने घेतले. रविवारी उपदेश करणारा आणि सोमवारी खंड मागणारा माणूस एकच असला की श्रद्धा आणि कुळवहिवाट यांची गुंतागुंत होते. छत्तीसगडातील सतनामी समाज निर्गुण ईश्वर मानतो, मूर्ती मानत नाही, म्हणून तो झपाट्याने ख्रिस्ती होईल अशी लोर यांची अपेक्षा होती, ती फळाला आली नाही. जे आले ते बरेचसे नात्यागोत्याने आणि मिशनच्या गावच्या आधाराने आले. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशात मालगुजारी संपली तेव्हा मिशनची ही सत्ताही संपली. चर्चचे आवार, दफनभूमी, शाळेचे मैदान यांचे पुढे काय झाले, हे मिशनच्या अहवालापेक्षा गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढी आणि हक्कांच्या महसुली नोंदीत, शोधणे अधिक फलदायी ठरेल.

प्राध्यापक : हा मुद्दा स्वीकारायला हवा. मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी महसुली दप्तर फारसे उघडलेले नाही. मात्र त्यात एक अडचण आहे. आपण ज्या नोंदी उघड करायला सांगत आहात, त्या मंडळ्या आज सहज दाखवणार नाहीत. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ मध्ये आला, आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मांतरावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. समितीच्या निष्कर्षांबद्दल मतभेद आहेत. परंतु नोंदवही म्हणजे पुरावा आणि पुरावा म्हणजे संकट, अशी धास्ती अनेक मंडळ्यांत असेल तर तिला दोष देता येत नाही.

गुरुजी : ती धास्ती खरी आहे, आणि म्हणूनच वह्यांचे काम बाहेरच्या अभ्यासकाने एकट्याने करू नये. मंडळीच्या वडीलजनांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या ज्येष्ठांनी, संमती द्यावी, मूळ वही मंडळीतच राहावी, हयात माणसांच्या नोंदी झाकाव्यात आणि जुन्या नोंदींच्या प्रतीच अभ्यासाला द्याव्यात. गावाला आपला इतिहास हवासा वाटला तरच तो टिकेल.

प्राध्यापक : आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नगर, नागपूर आणि विश्रामपूर येथील परंपरा त्यात सामील झाल्या. बैहरचे काम आधीच मेथडिस्टांकडे गेले होते आणि ते बाहेर राहिले. धमतरीचे मेनोनाइटही बाहेर राहिले. त्यामुळे लांजीभोवतीच्या मुलखातील चर्चच्या नोंदी तीन वेगळ्या व्यवस्थांच्या ताब्यात आहेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) महाराष्ट्रात, बैहर मध्य प्रदेशात आणि धमतरी छत्तीसगडात असल्याने सरकारी दप्तरांचीही अशीच वाटणी झाली आहे. एका संघाचा इतिहास लिहिणारा दुसऱ्याच्या दारात सहसा जात नाही.

गुरुजी : मग इतिहासाचा घटक संघ धरू नये, जिल्हा धरावा. लांजीचा परगणा १८६७ पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून बालाघाट झाला. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा बदलल्या तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. पंथ कोणताही असो, एका जिल्ह्यातील प्रत्येक जुन्या मंडळीची वही, दफनभूमीतील शिळा आणि महसुली नोंद शेजारी ठेवली, तर ते काम एल्कहार्टसारख्या कौंटीच्या इतिहासाच्या तोडीचे होईल.

निष्कर्ष

या संवादातील दोन्ही भूमिका आपापल्या जागी आवश्यक आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मिशनच्या दप्तराशिवाय तारखांचा सांगाडा उभा राहत नाही. तथापि सुरुवात त्या दप्तरापासून केली तर प्रश्नही देणगीदारांचेच विचारले जातात, म्हणजे किती जण आले आणि किती खर्च झाला एवढेच. सुरुवात मंडळीच्या वहीपासून, दफनभूमीपासून आणि गावाच्या महसुली कागदापासून केली तर कोण आले, कोणाबरोबर आले, कोणत्या जमिनीवर राहिले आणि का टिकले किंवा का परतले, हे प्रश्न पुढे येतात, आणि मग मिशनची पत्रे त्यांची उत्तरे तपासण्यासाठी साक्षीला घेता येतात. हार्वर्ड, एल्कहार्ट आणि मिसूरी येथील कागद जपलेले असून ते उद्याही वाचता येतील; खेड्यांतील वह्या मात्र वाळवी, ओल आणि उदासीनता यांच्या हवाली आहेत. म्हणून बालाघाट, गोंदिया, भंडारा आणि छत्तीसगडच्या लगतच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना, मंडळ्यांच्या संमतीने, आधी या वह्यांच्या प्रती करण्याच्या कामाला लावावे, आणि मंडळ्यांच्या वडीलजनांनीही आपल्या पेटीतील वही ही आपल्याबरोबर साऱ्या गावाच्या इतिहासाचे साधन आहे हे ओळखून त्या कामाला हातभार लावावा.